जुन्या व्हिडिओ कॅसेटचे जतन : चित्राचा दर्जा न घालविता डिस्क कशी करावी?

प्रास्ताविक

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर, पलंगाखालच्या पेटीत किंवा माळ्यावर दोन-चार काळ्या व्हिडिओ कॅसेट पडून असतात. एखादी मंगलपरिणयाची, एखादी नामकरणाची, एखादी वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीची. पाहावयाची म्हटली तर घरात व्हीसीआर राहिलेला नाही आणि टाकून देण्यास मन धजावत नाही. अशा कॅसेटवरील चित्रण डिस्कवर कसे उतरवावे आणि उतरविताना चित्र खराब होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हा विषय केवळ यंत्रतंत्राचा आहे असे कुणी समजू नये. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने कष्टात दिवस काढले. फोटो काढून घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती. त्यामुळे ज्यांचा एकही बरा फोटो घरात नाही अशी माणसे चालताना, बोलताना, हसताना दिसतात ती केवळ या कॅसेटमध्येच. एका घरापुरता का होईना, तो आपला इतिहास आहे.

आमचाच अनुभव सांगतो. १९८९ साली आमच्या थोरल्या बंधूंचा विवाह झाला. त्या वेळी काढलेल्या कॅसेटमध्ये आमची आजी नातसुनेच्या तोंडावरून हात फिरवीत काहीतरी बोलते, असा प्रसंग होता. २००२ च्या सुमारास आम्ही त्या कॅसेटची एका दुकानातून व्हीसीडी करून घेतली. 'आता कॅसेट ठेवण्याची गरज नाही' असे ऐकून आम्ही ती रद्दीबरोबर देऊन टाकली. पुढे आजी गेली. घरात मोठा टीव्ही आला. हौसेने ती व्हीसीडी लावली, तेव्हा आजीच्या चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोनी ठिपके हलताना दिसले. तिचे बोलणे लग्नातल्या गाण्याखाली दबले होते, कारण दुकानात वरून सिनेमाचे गाणे चढविलेले होते. दोष दुकानदाराच्या माथी मारून आम्ही मोकळे होऊ इच्छित नाही. अज्ञान आमचे होते. ते इतरांच्या वाट्याला येऊ नये, हाच या लेखामागील हेतू होय.

कॅसेटच्या आत काय असते?

घरगुती चित्रणासाठी आपल्याकडे मुख्यतः व्हीएचएस कॅसेट वापरल्या गेल्या. ही पद्धत जपानमधील जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. कॅसेटमधील फीत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलीमीटर रुंद असते. पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर चुंबकीय कणांचा थर एका चिकट द्रव्याने बसविलेला असतो. तीन तासांच्या ई-१८० कॅसेटमध्ये अशी सुमारे २५८ मीटर फीत गुंडाळलेली असते.

व्हीसीआरमध्ये ही फीत एका फिरत्या धातूच्या ढोलाला घासून जाते. त्या ढोलाचा व्यास ६२ मिलीमीटर असतो आणि आपल्याकडील पद्धतीत तो मिनिटाला १५०० फेरे घेतो. ढोलावर बसविलेली बारीक हेडे फितीवर तिरप्या रेषांत लिहिलेले चित्र वाचतात. म्हणजे कॅसेट पाहणे याचा अर्थच ती थोडी घासणे असा होतो.

न लावता ठेवलेली कॅसेटही सुरक्षित राहते असे नाही. हवेतील ओलाव्याने कण धरून ठेवणारे द्रव्य हळूहळू कमकुवत होते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते. शिवाय कॅसेट वाचणारी यंत्रेही नाहीशी होत आहेत. व्हीसीआर बनविणारी शेवटची मोठी कंपनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जपानमधील फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. २०१९ साली युनेस्कोच्या वतीने चुंबकीय फितींविषयी जगभर इशारा देण्यात आला. २०२५ च्या सुमारास यंत्रे, सुटे भाग व जाणकार माणसे यांअभावी फितींवरील ठेवा वाचविणे अतिशय कठीण होईल, असा त्याचा आशय होता. तेव्हा 'पुढे कधीतरी करू' असे म्हणण्याची वेळ आता उरलेली नाही.

चित्राचा दर्जा कोठे घटतो?

आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. डिस्क करताना ती प्रथम ध्यानात घ्यावी. भारतातील पॅल पद्धतीत एक चित्र ६२५ आडव्या रेषांचे असते. त्यांपैकी ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असते आणि सेकंदाला २५ चित्रे येतात. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने दिसणारा बारकावा सुमारे २४० रेषांइतकाच असतो. त्यामुळे डिस्क कितीही महाग घेतली तरी कॅसेटपेक्षा स्पष्ट चित्र मिळणार नाही. परंतु आडात जेवढे पाणी आहे तेवढे तरी न सांडता वर आणणे आपल्या हाती आहे. हे पाणी तीन ठिकाणी सांडते.

पहिले ठिकाण व्हीसीआर. हेड मळलेले असेल, ट्रॅकिंग जुळलेले नसेल, तर चित्र तेथेच बिघडते आणि पुढे ते कोणत्याही उपायाने सुधारत नाही.

दुसरे ठिकाण जोडणी. खराब वायर किंवा हलक्या प्रतीचे कॅप्चर उपकरण रंग पसरविते, चित्र थरथरविते, मधली चित्रे गाळते.

तिसरे ठिकाण दाबून बसविणे. आमची आजी हरविली ती येथे. डिस्कवर जागा मर्यादित असल्याने चित्राची माहिती संक्षिप्त करावी लागते. व्हीसीडीमध्ये चित्र केवळ ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे असते आणि दर सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट माहितीत ते बसवावे लागते. डीव्हीडीमध्ये चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे, म्हणजे व्हीसीडीच्या सुमारे चौपट असते. म्हणून कॅसेटची व्हीसीडी आता कदापि करू नये.

डीव्हीडीतही एक चूक सर्रास होते. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी जागा असते. तिच्यावर एक तासाचे चित्रण घेतले तर सेकंदाला ८ ते ९ मेगाबिट माहिती चित्राच्या वाट्याला येते आणि चित्र कॅसेटसारखेच दिसते. दोन तास घेतले तर तो वाटा निम्म्यावर येतो. तेही चालवून घेता येते. मात्र पैसे वाचविण्यासाठी तीन तासांची अख्खी कॅसेट एकाच डिस्कवर कोंबली की मिरवणुकीतला गुलाल, नाचणारी मुले, हलणारे चेहरे यांचे चौकोन होतात. एका डिस्कवर शक्यतो एकच तास, फार तर दोन तास, हा नियम पाळावा.

पूर्वतयारी

१) कॅसेटच्या मागील कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी तोडून टाकावी. ती नसली म्हणजे चुकून जुन्यावर नवे रेकॉर्डिंग होत नाही.

२) कॅसेटच्या खिडकीतून आत निरखून पाहावे. फितीवर पांढरी भुकटी किंवा तंतू दिसल्यास ती बुरशी समजावी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नये. फीत तुटण्याचा धोका असतोच, शिवाय बुरशी हेडाला लागून पुढच्या चांगल्या कॅसेटवरही जाते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडूनच साफ करून घ्यावी.

३) जुने अल्बम पाहून किंवा घरातील वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येक कॅसेटवर साल व प्रसंग लिहावा. कोणती कॅसेट एकमेव आहे आणि कोणत्या माणसाचे दर्शन केवळ तिच्यातच आहे, हे पाहून क्रम ठरवावा. सर्वांत मोलाची कॅसेट पहिली घेऊ नये. आधी कमी महत्त्वाची लावून यंत्राची परीक्षा करावी.

४) अमेरिकेतील किंवा जपानमधील नातेवाइकांनी तेथे चित्रण करून पाठविलेली कॅसेट बहुधा एनटीएससी पद्धतीची असते. ती साध्या पॅल व्हीसीआरवर नीट दिसत नाही म्हणून खराब झाली असे समजू नये. तिला दोन्ही पद्धती चालणारा व्हीसीआर लागतो.

५) व्हीसीआर चांगल्या स्थितीतील मिळवावा. चार घरांनी मिळून एक दुरुस्त करून घेतला तरी काम भागते. हेड साफ करताना विजेचे बटण बंद करावे. चामोईस कातड्याची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून हेडाला हलकेच टेकवावी आणि ढोल हाताने आडवा फिरवावा. काडी वर-खाली कधीही घासू नये, हेड मोडते. कानात घालावयाची कापसाची काडीही वापरू नये, कारण तिचे तंतू अडकतात.

६) वर्षानुवर्षे पडून असलेली कॅसेट, फीत निरोगी असल्याची खात्री करून, एकदा शेवटपर्यंत पुढे व पुन्हा मागे न्यावी. त्यामुळे फितीचा ताण सारखा होतो.

कॅसेटवरून संगणकावर

कॅसेटवरून थेट डिस्क करू नये. आधी संगणकावर उत्तम प्रतीची मूळ फाइल करावी आणि तिच्यावरून डिस्क करावी. याचे कारण सरळ आहे. कॅसेट पुन्हा पुन्हा लावल्याने ती झिजते. फाइल मात्र कितीही वेळा वापरली तरी तशीच राहते.

व्हीसीआरच्या मागील बाजूस ऑडिओ-व्हिडिओचे छिद्र असते. त्यातील पिवळी वायर चित्राची, तर पांढरी व लाल वायर आवाजाची. अँटेनाच्या वायरीने चित्र घेऊ नये. काही एस-व्हीएचएस व्हीसीआरना एस-व्हिडिओची जोडणी असते. तिच्यात उजेडाची व रंगाची माहिती वेगवेगळी येत असल्याने ती मिळाल्यास अवश्य वापरावी. जुन्या फितीच्या चित्रात रेषा मागे-पुढे सरकतात आणि उभे खांब, दाराच्या चौकटी वाकड्या दिसतात. हा दोष टाइम बेस करेक्टर नावाच्या उपकरणाने दूर होतो. काही चांगल्या व्हीसीआरमध्ये ते आतच बसविलेले असे.

कॅप्चर उपकरणाने चित्र संगणकावर घेताना पुढील बाबी पाळाव्यात.

१) प्रथम कॅसेटचा मधला भाग लावून ट्रॅकिंग जुळवावे. बटण सावकाश फिरवीत पडद्यावरील पांढरे ओरखडे कमीत कमी होतील तेथे थांबावे. आवाजही ऐकावा.

२) चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांत, सेकंदाला २५ चित्रे या प्रमाणात घ्यावे. एनटीएससी कॅसेट असल्यास हे आकडे ७२० गुणिले ४८० व सेकंदाला २९.९७ असे असतात.

३) फाइल घेताना ती दाबू नये. काहीच न दाबता घेतल्यास तासाला सुमारे ७५ जीबी जागा लागते. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ अशा पद्धतींनी माहिती अजिबात न गमावता हीच जागा तासाला साधारण २५ ते ४० जीबीवर आणता येते. व्हर्च्युअलडबसारखे मोफत सॉफ्टवेअर या कामास पुरते.

४) संगणकावर त्या वेळी दुसरे काम करू नये. सॉफ्टवेअर 'गळालेली चित्रे' किती याचा आकडा दाखविते. तो वाढत गेला तर आवाज व ओठ यांचा मेळ राहत नाही.

५) आवाज फार मोठा घेऊ नये. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

ज्यांच्याकडे १९९५ नंतर आलेल्या मिनी डीव्ही कॅसेट आहेत त्यांचे काम सोपे आहे. त्या कॅसेटवर चित्र मुळातच आकड्यांच्या रूपात असते. कॅमेरा फायरवायरने संगणकाला जोडल्यास जशीच्या तशी नक्कल उतरते. तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते आणि दर्जाचा कणभरही तोटा होत नाही. अशी कॅसेट पिवळ्या वायरीने उतरविणे म्हणजे दळलेले पीठ पुन्हा दळण्यासारखे आहे.

सुधारणेचा मोह

फाइल हाती आली की ती 'सुधारावी' असे वाटते. येथे संयम राखावा. चित्राच्या अगदी तळाशी दोन-चार फाटक्या रेषा दिसतात. तो व्हीएचएसचा स्वभाव आहे. जुन्या टीव्हीत त्या कडेखाली लपत असत. डोळ्यांना खुपत असल्यास त्यांवर काळी पट्टी टाकावी, चित्र ताणू नये. चार गुणिले तीनचे चित्र रुंद टीव्हीवर भरण्यासाठी ओढले तर सडपातळ माणसेही जाडी दिसतात. दोन्ही कडांना काळी जागा राहिली तरी चालेल.

पॅल पद्धतीत प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत येते, आधी एक आड एक रेषा व मग मधल्या रेषा. डीव्हीडी ही रचना जशीच्या तशी स्वीकारते. म्हणून हे अर्धे एकत्र करण्याची क्रिया डीव्हीडीसाठी करू नये. त्यांचा क्रम उलटा पडला तर हलणाऱ्या वस्तू दचकत चालल्यासारख्या दिसतात. तेव्हा क्रम तेवढा तपासावा.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने जुने चित्र चकचकीत करून देणारी साधने निघाली आहेत. ती जो बारकावा दाखवितात तो फितीवर नसतो, यंत्राने अंदाजाने भरलेला असतो. त्यात नाक, डोळे, सुरकुत्या बदलू शकतात. हौस म्हणून अशी एक प्रत करण्यास हरकत नाही, पण मूळ फाइलला हात लावू नये. आपल्याला आपली आजी हवी आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी कुणी नव्हे. त्याच कारणासाठी मूळ आवाज पुसून त्यावर गाणी चढवू नयेत. मांडवातला गलका, भांड्यांचा आवाज, मागून कुणीतरी मारलेली हाक हेही जतन करण्याजोगे आहे.

डिस्क तयार करणे व सांभाळणे

डिस्क नावाजलेल्या बनावटीची घ्यावी. सुटी, बिननावाची स्वस्त डिस्क घेऊ नये. ती फार वेगात न लिहिता चारपट किंवा आठपट वेगाने लिहावी. शेवटी 'फायनलाइज' ही क्रिया विसरू नये, नाहीतर दुसऱ्या यंत्रावर ती लागणार नाही. तयार झालेली डिस्क वेगळ्या यंत्रावर आरंभापासून अखेरपर्यंत पाहावी. पहिली पाच मिनिटे पाहून समाधान मानू नये.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये. त्याने तोल जाऊन ती थरथरते. मधल्या पारदर्शक भागावर पाण्याच्या शाईच्या मऊ पेनाने साल व प्रसंग लिहावा. ऊन, उष्णता व ओल यांपासून दूर, डबीत उभी ठेवावी. लिहिलेल्या डिस्कमधील माहिती रंगाच्या पातळ थरात असते आणि तो थर उन्हाने विटतो.

तथापि डिस्क हाही अखेरचा मुक्काम नव्हे. आज अनेक नव्या संगणकांत डिस्क लावण्याची सोयच नसते. म्हणून मूळ फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा लेकीकडे असावी. वर्षातून एकदा दोन्ही लावून पाहाव्यात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, डिस्क झाली तरी कॅसेट टाकून देऊ नये. ती पूर्ण मागे गुंडाळून, डबीत घालून, पुस्तकासारखी उभी ठेवावी. सोबत सिलिका जेलची पुडी असावी.

दुकानातून करून घेताना

सर्वांना घरी हे जमेल असे नाही. दुकानात देताना पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत. एका डिस्कवर किती तास घेणार? डिस्कशिवाय मूळ फाइल हार्ड डिस्कवर देणार काय? मूळ आवाज तसाच ठेवणार ना? बुरशी असल्यास काय करणार? कॅसेट परत केव्हा मिळेल? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली तरच कॅसेट हातात द्यावी. सगळ्या कॅसेट एकदम न देता आधी एकच देऊन काम पाहावे.

समारोप

आजीचा तो प्रसंग आमच्या हातून गेला तो गेलाच. मात्र १९९४ साली बहिणीच्या मुलाच्या नामकरणाची एक कॅसेट नात्यातल्या एका घरी माळ्यावर निघाली. या वेळी घाई केली नाही. व्हीसीआर दुरुस्त करून घेतला, हेड साफ केले, दुसऱ्या कॅसेटवर आधी परीक्षा केली आणि मगच ती लावली. चाळिसाव्या मिनिटाला आजी पाळण्याशी बसलेली दिसली. चित्र फार स्पष्ट नाही, कडेला ओरखडे आहेत. पण तिने बाळाला नावाने मारलेली हाक स्वच्छ ऐकू आली. आता तो मुलगा स्वतः बाप झाला आहे. त्याने ती हाक आपल्या मुलीला ऐकविली.

तेव्हा बंधू-भगिनींना आमची विनंती इतकीच की, या पावसाळ्याआधी आपल्या माळ्यावरची पेटी उघडावी. ज्यांच्याकडे व्हीसीआर आहे त्यांनी तो शेजाऱ्याला द्यावा. ज्या तरुण मुला-मुलींना संगणक येतो त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून हे काम करावे आणि पडद्यावर कोण कोण आहे त्यांची नावे त्याच वेळी लिहून घ्यावीत. चित्र राहिले आणि नावे गेली, तर जतनाचे निम्मे काम वाया गेले असे होईल.

लक्षात ठेवण्याच्या बाबी

१) कॅसेट लावण्यापूर्वी बुरशी तपासा, पट्टी तोडा, हेड साफ करा.
२) आधी न दाबलेली मूळ फाइल, मग डिस्क.
३) एका डीव्हीडीवर एक तास, फार तर दोन.
४) मूळ चित्र व मूळ आवाज यांत बदल नको.
५) फाइल दोन ठिकाणी ठेवा, कॅसेट कधीही टाकू नका.
६) माणसांची नावे आजच लिहून ठेवा.